१७/७५ : पणजीत घेतलेली ‘लिमिटेड एडिशन’ प्रिंट विकायला काढलीय, पण घेणार कोण?

फोंडेकरीण
नमस्कार मंडळी. चवथ झाली, पाऊस सरला आणि आम्ही पर्वरीच्या नव्या फ्लॅटमध्ये एकदाचे राहायला आलो. सामान लागलं, पण एक भांडण अजून उघडंच पडलंय. ते तुमच्यापुढे ठेवते.

२०१८ च्या डिसेंबरात, पणजीत कलामहोत्सवाची गर्दी होती त्या आठवड्यात, मी एका गॅलरीतून प्रिंट घेतली. चित्रकार हयात आहेत, मुंबईचे आहेत. नाव लिहीत नाही, त्यांचा यात काही दोष नाही. निळ्या रंगाचे तीन पट्टे आणि मधे होडीसारखं काहीतरी. खाली उजवीकडे पेन्सिलने सही, डावीकडे १७/७५. सोबत जाड कागदावर प्रमाणपत्र. प्रिंटचे २२,००० आणि फ्रेमचे ४,५००. नुकतीच पगारवाढ झाली होती, ते निळं मला फार आवडलं होतं, आणि काउंटरवरचा मुलगा म्हणाला होता, "मॅडम, जगात पंचाहत्तरच आहेत. पाच वर्षांत दुप्पट समजा."

सात वर्षं होत आली. नव्या हॉलची एकुलती एक मोठी भिंत टीव्हीने खाल्ली. नवरा म्हणतो, दुप्पट झाली असेल तर विकून टाक, फ्रिज येईल. म्हणून त्याच गॅलरीला फोन केला. म्हणाले, आम्ही परत विकत घेत नाही. इथे ठेवून जा, गेली तर ४० टक्के आमचे. आणि मग सहज आठवल्यासारखं, "तशा या एडिशनमधल्या अजून आहेत आमच्याकडे. चोवीस हजारांना."

म्हणजे सात वर्षांत पंचाहत्तर संपल्या नाहीत? मग माझी सतरावी कोण घेणार? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

बाबल
फ्रिज किती लिटरचा ते आधी सांगा. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

डिचोलीकर
ताई, राग मानू नका, पण तुम्हाला गुंडाळलंय. कंप्युटरात फाईल आहे तोवर पंचाहत्तर काय आणि साडेसातशे काय. चवथीला गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीचं सामान घेताना आपण नारळामागे पाच रुपयांची घासाघीस करतो, सुपारीचा घोस हातात धरून चार वेळा फिरवून बघतो. आणि इथे छापलेल्या कागदावर कुणी पेन्सिलने आकडा घातला की पाकीट उघडतो. कला बघायला माझी ना नाही. ‘गुंतवणूक’ शब्द आला की मात्र मी उठून जातो.

रोलरशाई
डिचोलीकर, तुमचं निम्मं पटलं. उरलेल्या निम्म्यावर माझं पोट आहे, म्हणून लिहितो. बडोद्याला प्रिंटमेकिंग केलं, आता म्हापशाजवळ माझा छोटासा प्रेस आहे.

फोंडेकरीणताई, आकडा बाजूला ठेवा. प्रमाणपत्रावर तंत्र काय लिहिलंय? एचिंग (पत्र्यावरून), लिथोग्राफ (दगडावरून), वुडकट (लाकडावरून), सेरिग्राफ (म्हणजे सिल्कस्क्रीन, जाळीतून)? की ‘आर्काइव्हल पिगमेंट प्रिंट’, नाहीतर ‘जिक्ले’? या शेवटच्या दोन नावांमागे बहुतेक वेळा एकच गोष्ट असते. चित्र आधी कॅनव्हासवर रंगवलं, त्याचा स्कॅन काढला आणि उत्तम इंकजेटवर उत्तम कागदावर छापला. जिक्ले हा शब्द १९९१ मध्ये अमेरिकेत जॅक डुगन नावाच्या छपाईवाल्याने काढला. फ्रेंचमधल्या ‘फवारणे’वरून. इंकजेट म्हटलं की ऑफिसातलं बिल आठवतं ना, म्हणून.

आता एचिंग. पत्र्यावर मेणाचा पातळ थर, त्यावर सुईने रेघ, मग पत्रा आम्लात. आम्लाने रेघ खाल्ली की पत्रा धुवून त्यावर शाई चोळायची, कडक जाळीच्या कापडाने पुसायची, शेवटचा हात तळव्याने. हे शेवटचं पुसणं शिकायला मला दोन वर्षं गेली. जास्त पुसलं की रेघ मरते, कमी पुसलं की सगळं मळकट. कागद आदल्या रात्रीच ओलवून ठेवलेला. तो पत्र्यावर ठेवून, वर ब्लँकेट घालून रोलरखालून काढला की कागद त्या रेघांत शिरून शाई उचलतो. म्हणून खऱ्या एचिंगला चित्राभोवती पत्र्याच्या कडेची चौकट दाबली गेलेली असते. बोट फिरवलं तर लागते. एका छापाला माझा पाऊण तास जातो. जूनमध्ये तर छापलेले कागद वाळायचं नावच घेत नाहीत, सगळ्या खोलीत वळचणीला बसल्यासारखे ओले पडून असतात.

तुम्ही घरी करा असं: सोनाराकडे असतं तसलं दहापटीचं भिंग घ्या आणि त्या निळ्यावर धरा. बारीक, फवारल्यासारखे रंगीत ठिपके दिसले तर इंकजेट. ठिपक्यांची ठरावीक फुलं दिसली तर ऑफसेट, म्हणजे कॅलेंडरचीच बहीण. ठिपकेच नाहीत, सपाट जाडसर थर आहे आणि कडेला रंग किंचित उचललेला आहे, तर सिल्कस्क्रीन.

हा भेद आम्हा कारागिरांचा हट्ट नाही बरं का. आपल्या कस्टम्सच्या दरसूचीतही तो आहे. ९७०२ या शीर्षकाखाली मूळ मुद्राचित्रं येतात. व्याख्या अशी की कलाकाराने पूर्णपणे हाताने केलेल्या पत्र्यावरून, लाकडावरून किंवा दगडावरून थेट काढलेले छाप. यांत्रिक आणि फोटोवरून केलेली छपाई त्यातून स्पष्ट वगळलीय. ती छापील चित्रांच्या रांगेत, ४९११ मध्ये. सरकारला कलेतलं काय कळतं म्हणतो आपण, पण हे वाक्य ज्याने लिहिलं त्याला कळत होतं.

फोंडेकरीण
प्रमाणपत्र काढून बघितलं. ‘आर्काइव्हल पिगमेंट प्रिंट ऑन कॉटन रॅग पेपर.’ भिंग नाही, पण आता त्याची गरज आहे का?

एक शंका. १७ हा आकडा लहान आहे, म्हणजे आधी छापलेली, म्हणून जास्त मोलाची, असंही तो मुलगा म्हणाला होता.

रोलरशाई
तो मुलगा आता नक्की कुठेतरी फ्लॅट विकत असणार.

आकडा छापण्याच्या क्रमाने घातलेला असतोच असं नाही. कागद वाळले की गठ्ठा समोर घेऊन वरून एकेकावर आकडा घालत जातो आम्ही. आधीच्या छापाला अर्थ असतो तो ड्रायपॉइंटसारख्या तंत्रात. तिथे सुईने पत्रा खरवडल्यावर कडेला धातूचा कीस उभा राहतो, त्यातच शाई अडकून मखमली रेघ येते. प्रेसच्या दाबाने तो कीस दहावीस छापांत झोपतो. तिथे तिसरा छाप आणि तिसावा छाप शेजारी ठेवले तर आंधळ्यालाही फरक कळेल. इंकजेटमध्ये पहिली आणि पंचाहत्तरावी तंतोतंत सारखी.

आणि पंचाहत्तर म्हणजे पंचाहत्तरच नसतात. आकड्याच्या बाहेर कलाकाराच्या प्रती असतात, त्यावर ‘ए.पी.’ लिहितात, साधारण दहा टक्के. छापणाऱ्याची ‘पी.पी.’, विक्रीसाठी नाही असं म्हणून ठेवलेल्या ‘एच.सी.’. या ‘विक्रीसाठी नाही’वाल्या पुढे विक्रीला आलेल्या मी स्वतः पाहिल्यात.

आता माझंच एक उघड करतो. मी २० ची एडिशन जाहीर करतो, पण एका दमात वीस छापत नाही. कागद महाग, शाई महाग, घरात जागा नाही. सहा छापतो, विकल्या तर पुढच्या. एका लाकडी ठोकळ्याच्या २०१४ पासून सहाच निघाल्यात. मग ती घेणाऱ्याकडे २० पैकी एक आहे की ६ पैकी एक? कागदावर २०. जगात ६. आणि उद्या मला एकदम मागणी आली तर उरलेल्या १४ मी छापीनच, तेव्हा आधीच्या सहाजणांना काय वाटेल हा विचार करायची ऐपत माझ्यात नाही. एडिशन पुरी झाली की पत्र्यावर आडवी रेघ मारून तो रद्द करायचा, हा जुना शिरस्ता. तुमच्या फाईलवर रेघ कोण मारणार?

डिचोलीकर
हेच म्हणत होतो मी. +१.

समुद्रगाज
मी काही वर्षं मुंबईत एका लिलावगृहात कॅटलॉगचं काम केलं, आता आसगावात असते (हो, बाहेरून आलेल्यांपैकीच, दगड नंतर मारा). दुसऱ्या बाजूने सांगते.

पेपरात येतात ते कोटींचे आकडे चित्रांचे असतात. अमृता शेरगिल यांचं ‘द स्टोरी टेलर’ २०२३ मध्ये ६१.८ कोटींना गेलं, हुसेन यांचं ‘ग्रामयात्रा’ २०२५ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला एक कोटी साडेसदतीस लाख डॉलरला, म्हणजे ११८ कोटींच्या आसपास. ती एकेकच आहेत. त्या बातम्यांची ऊब घेऊन प्रिंट विकल्या जातात, पण त्या बाजाराची एकही पायरी प्रिंटच्या दारात येत नाही.

आमच्याकडे रोज फोन यायचे, "माझ्याकडे अमक्यांची सही केलेली प्रिंट आहे." आम्ही मनात एकच हिशोब करायचो: या वस्तूवरून दोन अनोळखी माणसं एकमेकांशी भांडतील का? लिलावाला दोन लागतात, एकाने भागत नाही. तुमच्या प्रिंटचं घोडं तिथेच अडतं. जी वस्तू गॅलरीच्या खणात नवीकोरी पडून आहे, बिल मिळतं, घरपोच येते, तिच्यासाठी कुणी हात का वर करील? पहिली विक्री संपल्याशिवाय दुसरा बाजार उभाच राहत नाही.

बरं, हट्टाने लिलावात घातलीच आणि बोली लागली नाही, तर ते झाकून राहत नाही. न गेलेला लॉट इंटरनेटवर दिसतो. पुढचा घेणारा आधी तेच शोधतो. आमच्याकडे म्हणायचे, जळली ती. शिवाय विकणाऱ्याचं कमिशन, फोटो, विमा, मुंबईपर्यंतचं पॅकिंग. वीस हजारांच्या वस्तूला हा डोलारा परवडत नाही.

तरीही डिचोलीकर, सगळं झूट नाही. ज्यांनी प्रिंट हेच आयुष्यभराचं काम मानलं, त्यांच्या कामाला मागणी आहे आणि ती पक्की आहे. झरीना यांचं ‘होम इज अ फॉरेन प्लेस’ हे १९९९ चं काम घ्या. ३६ वुडकट्सचा संच, अवघी २५ ची एडिशन, न्यूयॉर्कच्या मोमा या कलासंग्रहालयात आहे. तिथे वुडकट ही मूळ चित्राची स्वस्त आवृत्ती नाही. मूळ चित्र तेच. सोमनाथ होर, ज्योती भट्ट, कृष्णा रेड्डी, यांच्याबाबतही तसंच. कृष्णा रेड्डी पॅरिसला हेटर यांच्या आतेलिए १७ या छपाईच्या कार्यशाळेत होते. एकाच पत्र्यावर वेगवेगळ्या दाटपणाच्या शाया चढवून एकाच दाबात सगळे रंग काढायचं तंत्र तिथे घडलं. असला पत्रा छापणं दुसऱ्याला सोपं नाही.

बाबल
एक भाबडा प्रश्न. आमच्या पेडण्याच्या घरी देवघरात रविवर्म्याची लक्ष्मी आहे, आजीच्या लग्नातली. खाली एक कोपरा उदबत्तीने जळलाय. ती पण प्रिंटच ना? आकडाबिकडा काही नाही. मग ती रद्दी?

कॅनव्हासकाका
बाबल, उदबत्ती लांब ने आधी.

मी मडगावचा, वय ७१, भिंतीवर आणि पलंगाखाली मिळून चाळीसेक प्रिंट्स. तुझ्या लक्ष्मीवर लिहितो, कारण या धाग्यातलं खरं गणित तिच्यातच आहे. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत गिरगावला छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, मग फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. तिथून निघालेली ओलिओग्राफ्स, म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी छापील चित्रं, हजारोंनी छापली. मर्यादा वगैरे काही नाही. जितकी खपतील तितकी छापा. दगडावरून छापलेली, एकेका रंगाचा वेगळा दगड. लोकांनी ती देवघरात लावली, धूप घातला, हळदकुंकू लावलं, साड्यांवर जरी आणि टिकल्या चिकटवल्या, पावसाळ्यात कसरीने खाल्ली, फाटली तेव्हा विहिरीत सोडली. १९७२ मध्ये छापखान्याला आग लागली. आज चांगल्या अवस्थेतली जुनी लक्ष्मी शोधणारे लोक आहेत आणि ते पैसे देतात. कुणी मर्यादा घातली नव्हती. वापरून वापरून ती आपोआप पडली.

तुमच्या १७/७५ च्या पंचाहत्तरही प्रती काचेआड, एसीत, बबल रॅपमध्ये जिवंत आहेत. पन्नास वर्षांनी पंचाहत्तरच्या पंचाहत्तर बाजारात उभ्या राहतील.

तीस वर्षांत मी दोनच प्रिंट्स विकल्या. एक हरेन दास यांचं छोटं लाकडावरचं काम, तळहाताएवढं. ते चांगलं गेलं. किती पटीने ते लिहीत नाही, नाहीतर बाबल उद्या माझ्याकडे फ्रिज मागायला येईल. दुसरी एका त्या काळच्या गाजणाऱ्या नावाची सेरिग्राफ. निम्म्यात काढली, आणि घेणाऱ्याने काचेचेही पैसे धरले नाहीत.

शायनी_दुपार
मी पणजीच्या मळा भागात राहते, सुट्टीच्या दिवसांत पर्यटकांना चित्रं विकणाऱ्या दुकानात बसते. आमच्याकडे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांच्या चित्रांच्या छापील प्रती सगळ्यात जास्त जातात. पोदेर (पाववाला), बसमधली गर्दी, चर्चबाहेरच्या बायका. कुणी एकाने सुद्धा आजवर विचारलं नाही की पुढे किंमत वाढेल का. आणि तेच लोक पलीकडे जाऊन आकडा घातलेली प्रिंट बघतात तेव्हा पहिला प्रश्न तोच. आकडा दिसला की माणूस बदलतो.

डिचोलीकर
आणि परदेशात तो भिंतींवर चित्रं काढणारा बॅन्क्सी? त्याच्या पोस्टरांना लाखो मिळतात म्हणे.

समुद्रगाज
मिळतात, आणि तिथेही उतार आलाय. त्याची ‘गर्ल विथ बलून’ ही २००४ ची सिल्कस्क्रीन, सही केलेल्या १५०, बिनसहीच्या ६००. त्याच छपाईच्या, फक्त सहीचा फरक, आणि किमतीत मोठं अंतर. २०२०-२१ मध्ये दर आकाशाला भिडले, नंतर घसरले. वरच्या टोकाला घेतलेले अजून खालीच बसलेत.

पण त्याची प्रमाणपत्राची रीत मला आवडते. त्याने लेडी डायनाचा चेहरा छापून खोट्या दहा पौंडांच्या नोटा काढल्या होत्या. प्रमाणपत्राला त्यातली एक नोट अर्धी फाडून जोडतात, दुसरी अर्धी त्यांच्या कचेरीत. फाटलेली कड जुळली तर खरं. आपल्याकडे प्रमाणपत्र म्हणजे विकणाऱ्याने स्वतःच्या लेटरहेडवर स्वतःला दिलेलं शाबासकीपत्र. ते दुकान बंद झालं की कागद कुणाला दाखवणार?

सही पण पुरत नाही, हे स्पेनचे चित्रकार साल्वादोर दालींनी शिकवलं. म्हातारपणी त्यांनी कोऱ्या कागदांवर हजारोंनी सह्या करून दिल्या. १९७४ मध्ये फ्रान्सच्या सीमेवर असल्या ४०,००० सह्यांच्या कोऱ्या कागदांचा ट्रक अडवला होता. नंतर त्यावर कुणी काय छापलं देव जाणे. दालींच्या शेवटच्या काळातल्या प्रिंट म्हटल्या की आमच्याकडचे ज्येष्ठ लोक चहा मागवायचे आणि विषय बदलायचे.

हिशोबनीस
मडगावात सीए आहे. चित्रांतलं कळत नाही, करातलं कळतं.

घरातली वस्तू विकली, कर नाही, असा समज आहे. सोफ्याबाबत खरा, चित्राबाबत खोटा. चित्रं, रेखाटनं, शिल्पं आणि कुठलीही कलाकृती ‘वैयक्तिक वापराच्या वस्तू’मधून २००७ च्या वित्त कायद्याने बाहेर काढली आहे. २४ महिन्यांहून जास्त काळ जवळ ठेवून विकली तर दीर्घकालीन भांडवली नफा; २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के, महागाईची वजावट नाही. तोटा झाला तर तो दुसऱ्या दीर्घकालीन नफ्यातून वजा होतो किंवा आठ वर्षं पुढे नेता येतो. विवरणपत्र वेळेत भरलं असेल तर.

दुसरं, २२ सप्टेंबर २०२५ पासून कलाकृतींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, ९७०२ मधली मूळ मुद्राचित्रं त्यात आली. नवी घेणाऱ्याला चांगलं. जुनी विकणाऱ्याला मात्र नव्या मालाशी आणखी कमी भावात झुंजायचंय. चांगली बातमी म्हणून आमच्या असोसिएशनच्या ग्रुपवर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा हे कुणी बोललं नाही.

रोलरशाई
हिशोबनीस, करात कलाकृती म्हणून आम्हाला सगळीकडे धरतात. पण कॉपीराइट कायद्याचं ५३अ कलम बघा. पुनर्विक्रीत कलाकाराला वाटा, दहा हजारांच्या वरच्या विक्रीवर, जास्तीत जास्त दहा टक्के. त्यात चित्र, शिल्प, रेखाटन आणि हस्तलिखिताची मूळ प्रत ही नावं आहेत. मुद्राचित्राचं नाव नाही. असो, पुनर्विक्रीच होत नसेल तर वाटा कशाचा मागायचा.

कॅनव्हासकाका
ताई, विकायचीच असेल तर एक काम आधी करा. फ्रेम उघडून मागची बाजू बघा. गोव्यात चित्राचा खरा शत्रू बाजार नव्हे, पाऊस. चिऱ्याच्या भिंतीला टेकलेली फ्रेम जूनमध्ये पाणी पिते. काचेला कागद चिकटून बसलेला असला तर ओढू नका, शाई काचेवर येईल. मागे प्लाय किंवा हार्डबोर्ड असेल तर त्यातलं आम्ल कागदात उतरतं, कडा पिवळ्या पडतात. तपकिरी ठिपके दिसले तर बुरशी. प्रिंट फक्त वरच्या दोन बिजागऱ्यांवर टांगलेली हवी, तीही कागदी पट्टीच्या आणि पाण्याने सुटणाऱ्या खळीच्या. पूर्ण डकवली असेल तर बोलणंच खुंटलं. आणि कडा कापलेल्या नाहीत ना हे बघा. प्रिंटच्या भोवतीचा कोरा कागद हा प्रिंटचाच भाग असतो, हे फ्रेमवाल्याला सांगून सांगून माझे केस गेले.

बाबल
लक्ष्मी उतरवून आईच्या कपाटात साड्यांच्या मधे ठेवली. आई विचारतेय देवघरात आता काय लावायचं. धाग्यामुळे घरात कलह. डांबरगोळ्या चालतील का?

कॅनव्हासकाका
नको रे बाबा. परत देवघरात लाव, काचेपासून सुटी करून, आणि उदबत्ती दुसऱ्या कोपऱ्यात.

फोंडेकरीण
मंडळी, तीन आठवड्यांनी येतेय, उशिराबद्दल माफी.

रोलरशाईंशी व्यनितून (खाजगी निरोपातून) बोलून त्यांच्या प्रेसवर गेले. त्यांनी टेबलावर स्वच्छ चादर अंथरली, प्रिंट पालथी ठेवली आणि मागच्या खिळ्यांचा एकेक करून वाटीत ढीग केला. मागचा हार्डबोर्ड निघाला, पण प्रिंट वेगळी झालीच नाही. कारण ती दुसऱ्या एका पांढऱ्या बोर्डावर सबंध डकवलेली होती, इकडच्या कोपऱ्यापासून तिकडच्या कोपऱ्यापर्यंत. खालच्या कडेला चहाच्या शिंतोड्यांसारखे अकरा ठिपके (मोजले). आणि उजवीकडची कड फ्रेमच्या मापात बसावी म्हणून बोटभर कापलेली. सहीतलं शेवटचं अक्षर अगदी कडेला येऊन थांबलंय, थोडक्यात वाचलं. हे साडेचार हजार देऊन मीच करून घेतलेलं. गॅलरीने नव्हे, मी नेऊन दिली होती फ्रेमवाल्याकडे, "जरा घट्ट बसव" असं सांगून.

मग त्यांनी भिंग दिलं. मी डोळा लावला. लांबून एकसंध दिसणारं ते निळं जवळून निळं नव्हतंच. आकाशी, जांभळट, मधेच गुलाबी, काळा, सगळे बारीक तुषार, रांगोळीच्या पुडीत फुंकर मारावी तसे. खरं सांगते, मला ते आवडलं. बराच वेळ बघत बसले. रोलरशाई काही बोलले नाहीत, शेजारी त्यांच्या एका वुडकटचा ठोकळा घासत होते.

लिलावाचा नाद तिथेच सोडला. आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर एका दातांच्या डॉक्टरने नवा दवाखाना थाटलाय. प्रिंट गाडीतून काढताना त्याने बघितली आणि म्हणाला, विकायची आहे का, माझ्या खुर्च्या याच निळ्या आहेत. मी सगळं सांगितलं. डकवलेली आहे, कापलेली आहे, ठिपके आहेत, इंकजेट आहे, गॅलरीत नवी मिळते. तो ऐकून घेत होता, मग म्हणाला, "मागे हुक आहे ना?" ९,००० ला गेली, फ्रेमसकट.

हिशोबनीस
२६,५०० वजा ९,०००, तोटा १७,५००. सात वर्षं धरली तर महिन्याला २०८ रुपये. भिंतीवर भाड्याने होती असं समजा. आमच्याकडे पोदेराचं बिल याच्या तिप्पट येतं.

डिचोलीकर
या हिशोबाने मात्र मी जरा विरघळलो. २०८ रुपयांत सात वर्षं निळं बघायला मिळालं.

समुद्रगाज
डॉक्टरांनी प्रमाणपत्र मागितलं का?

फोंडेकरीण
अरे देवा. ते फाईलमध्येच राहिलं. त्यांनी मागितलं नाही आणि माझ्याही लक्षात आलं नाही. उद्या खाली जाऊन देऊन येते, दात पण दाखवायचाच आहे.